बारकूचा इन्कमटॅक्स

कुरवंड्याच्या बारकूला जन्मभर एकच दुखणं होतं, आणि त्या दुखण्याचं नाव गेणू.

दोघांची घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त एक उकिरडा. दोघं एकाच साली जन्मले, नागफणीच्या उतारावर बरोबरीनं गुरं राखत वाढले, आणि तेव्हापासून बारकूचा डोळा गेणूच्या घरावर लागलेला. गेणूच्या गाईला कालवड झाली की याचं तोंड उतरायचं. गेणूच्या दारचा आंबा मोहरला की हा म्हणायचा, "मोहर लय, पर फळ कुटं धरतंय?" आणि फळ धरलं की आठवडाभर त्या बाजूला मान वळवायची नाही. तसा बारकू वाईट माणूस नव्हता. कुणाचं छप्पर शाकारायचं असो, कुणाला डोलीत घालून खाली न्यायचं असो, हा धावून जाई. फक्त गेणू त्याच्या आधी पोचलेला नसला पाहिजे. पोचलेला असला की याचा पाय दुखायला लागे.

मोठेपणी दोघं मुकादम झाले, तेही एकाच कंपनीत. लोणावळ्याला तेव्हा एक ठेकेदार कंपनी होती. तळ्यांचे बांध, पाण्याचे पाट, घाटातल्या मोऱ्या यांची डागडुजी तिच्याकडे. तिथली रीत अशी, की मुकादमानं आपल्या वाडीतली, सोयऱ्याधायऱ्यातली माणसं जमवून टोळी बांधायची. कंपनी ओळखायची ती मुकादमाला. टोळीत कोण आहे, कोण नाही, हे तिच्या गावी नसे, नुसती डोकी मोजली जात. पगाराच्या दिवशी मुकादम एकटा पत्र्याच्या हापिसात जायचा, अंगठा उठवायचा, अख्ख्या टोळीचा पैसा धोतराच्या सोग्यात बांधायचा आणि हिरड्याखाली घोंगडी टाकून ज्याचा त्याला वाटायचा. त्याच्या स्वतःच्या हातात राहायचं ते गड्याइतकंच, वर मुकादमकीचं थोडंसं.

गेणूची टोळी मोठी होती आणि बारकूची लहान. गेणू फारसं बोलायचा नाही, कुणाच्या हजेरीत खोट धरायचा नाही, म्हणून माणसं त्याच्याकडे टिकायची. बारकूच्या टोळीतले दोन गडी एका दिवाळीला उठून गेणूकडे गेले, तेव्हा बारकूच्या अंगाची नुसती लाही झाली. उरलेले जाऊ नयेत म्हणून तो त्यांना बाजारच्या दिवशी पदरचा चहा पाजू लागला, विड्यांची बंडलं घेऊन देऊ लागला. घरी झुंबरबाई, त्याची बायको, काही बोलायची नाही. चूल पेटत होती, ताटात भाकरी पडत होती. ती कशी पडते, हे बारकूनं कधी विचारलं नाही.

हे असं बरीच वर्षं चाललं असतं. पण त्या साली सरकारनं इन्कमटॅक्सची हद्द खाली ओढली. पूर्वी वर्षाला दोन हजारांच्या वर मिळवणाऱ्याला हा कर होता, आता हजाराच्या वरच्याला झाला. आपल्याकडे कोण तेवढा पगार घेतो, हे कंपन्यांनी दरसाल पुण्याला कळवायचं. हापिसात पगारकारकून होते कादरभाई. लोणावळ्याचेच, हाताचे झपझप आणि जिभेचे तिखट. त्यांनी पगाराच्या वहीत नावं बघितली, नावापुढच्या रकमा बघितल्या आणि जे हजाराच्या वर गेले ते कळवून टाकले. त्यात गेणूचं नाव गेलं. रक्कम टोळीची होती, नाव मात्र एकट्याचं. सरकारच्या लेखी कुरवंड्याचा गेणू एकदम मोठा पगारदार होऊन बसला.

आणि एक दिवस टपालवाला घाम पुसत वाडीवर चढून आला. कुरवंड्याला टपाल यायचं ते मुंबईला गिरणीत गेलेल्यांचं, नाहीतर कुणी गेल्याचं. हे मात्र लांबट, जाड, वर शिक्का मारलेलं. गेणूनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि पाटलाच्या ओसरीवर नेलं. पाटलाच्या मेव्हण्याला थोडं इंग्रजी येत होतं. त्यानं ओठ हलवत दोनदा वाचलं आणि म्हणाला, "गेणूला सरकारनं इन्कमटॅक्स बसवलाय."

हा कर कोण भरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खंडाळ्याचे बंगलेवाले भरतात, पुण्याचे वकील भरतात, पारशी शेट भरतात. पाटील स्वतः भरत नव्हता. त्यानं गेणूकडे खालून वर बघितलं, आणि मग आपल्या घोंगडीची कड उलगडून म्हणाला, "बस की गेणूभाऊ. उभा का?"

गेणूभाऊ! बारकू खांबाला टेकून उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

त्या दिवसापासून बारकूला अन्न गोड लागेना. देवळात बैठक बसली की गेणू पाटलाशेजारी. लोणावळ्याच्या बाजारात वाणी गेणूला म्हणे, "या शेट, गूळ नवा आलाय." कोण कुठला नाणे गावचा पाहुणा गेणूच्या पोरीला मागणी घालून गेला, म्हणे टॅक्सवाल्याचं घर आहे. बारकूचा तिळपापड व्हायचा. त्याच्यासारखंच काम, त्याच्यासारखीच मुकादमकी, त्याच्यासारखाच अंगठा, आणि सरकारला दिसला तो गेण्या! गेणू स्वतः त्या दिवसांत नीट जेवत नव्हता, कर कुठून भरायचा या काळजीनं रात्ररात्र अंगणात फेऱ्या मारत होता. तेही बारकूला दिसायचं. पण त्याला वाटायचं, बघा बघा, मोठा झाला, आता झोप कशी लागेल!

शेवटी न राहवून तो कादरभाईंकडे गेला.

"मुनशीजी, माजं नाव का न्हाई कळवलं?"

कादरभाईंनी टाक खाली ठेवला. "कुठं कळवायचं होतं?"

"इनकमट्याक्सला. गेण्याचं कळवलं, माजं का न्हाई? मी काय फुकट राबतो?"

कादरभाई आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की हा गंभीर आहे. "अरे बाबा, तुझ्या नावावर हजार भरत नाहीत. तुझी टोळी लहान पडते."

झालं! दुखऱ्या जागेवरच बोट. बारकूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, तो वळून निघालाच. पण कादरभाईंनी त्याला हाक मारून बसवलं. त्यांचाही जीव टांगणीला लागलेला होता. गेणू येऊन त्यांच्यापुढे रडला होता, आणि चूक आपल्या हातची आहे हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी पुण्याला पत्र लिहिलं होतं, की साहेब, हा पगार एकट्याचा नव्हे, टोळीचा आहे. पुण्याहून उत्तर आलं की वहीत तर एकच नाव आणि एकच अंगठा आहे. टोळीतली माणसं मुकादमाच्या ताटातली, ती त्याच्याच बाजूनं बोलणार. तेव्हा या धंद्यातला दुसरा कुणी जाणता मुकादम आणा, त्याला विचारून ठरवू. साहेबांचा मुक्काम वडगावला कचेरीत पडणार होता.

"दुसरा मुकादम म्हणजे तूच," कादरभाई म्हणाले. "खरं आहे ते सांग, गेणू सुटेल."

बारकू घराकडे निघाला. साक्ष द्यायची त्याला अजिबात इच्छा नव्हती. भरू दे लेकाला कर, विकू दे बैल! पण मग वाटेत त्याच्या मनात दुसरंच आलं. गेणूनं कर भरला की पावती मिळणार. पावती मिळाली की तो कायमचाच टॅक्सवाला. पाटील त्याला घोंगडीवरून उठवणार नाही, वाणी शेट म्हणायचा थांबणार नाही, उद्या मेला तर लोक म्हणतील सरकारात कर भरणारा माणूस गेला. नाही, नाही. गेणूला खाली आणायचा तर कर भरू देऊन चालणार नव्हतं. साहेबापुढे उभं राहून सांगायला पाहिजे होतं, की ह्या माणसाकडे काही नाही. बारकूला एकदम हुरूप आला. दुसऱ्या दिवशी त्यानं मुंडासं धुऊन वाळत घातलं.

तिघं आगगाडीनं वडगावला गेले. कादरभाईंच्या काखेत पगाराची वही, गेणूच्या हातात ते जाड टपाल आणि बारकूच्या मिशीला तेल. इन्कमटॅक्सचा साहेब पुण्याचाच, मराठी माणूस, पगडी घालणारा, आवाजानं मऊ. त्यानं बारकूला शपथ दिली आणि विचारलं, की पगाराच्या दिवशी काय होतं ते सांगा.

आणि बारकूनं सांगितलं. अहो, असं काही सांगितलं की कादरभाईंनाही लिहून देता आलं नसतं. "सायेब, हा गेणू पैकं सोग्यात बांधून आणतो, पर ते त्याचं न्हाईत. हिरड्याखाली बसून ज्याचं त्याला देतो. कवा आणा कमी पडला तर पदरचा घालतो, यवढी त्याची अक्कल. त्याला सोताला काय मिळतंय? गड्याइतकं, आन वर चिमूटभर. त्याच्या कोपरीला बघा, पाठीवर ठिगळ हाय. बैल एक म्हातारा, एक लंगडा. घराचं कूड सारवायला बायकोला येळ मिळत न्हाई, ती दुसऱ्याच्या लावणीला जाती. ह्यो शेट? ह्याला इनकमट्याक्स? सायेब, सरकारला कुनीतरी फशिवलं!"

साहेबांनी हसू दाबलं. कादरभाईंना चार प्रश्न विचारले, वहीवरून डोक्यांची संख्या आणि रोजाचा दर ताडून पाहिला, आणि गेणूचा कर रद्द केल्याचं तिथल्या तिथं लिहिलं. कादरभाईंना बजावलं, की पुढच्या सालापासून प्रत्येक गड्याचं नाव वेगळं लिहा आणि अंगठाही ज्याचा त्याचा घ्या, म्हणजे हा घोळ होणार नाही.

गेणूनं बारकूचे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बारक्या, तुजं उपकार ह्या जन्मी फिटायचं न्हाईत."

बारकूला कसंतरीच झालं. त्यानं या माणसाची अब्रू चारचौघांत काढली होती, आणि हा त्याच्या हातावर रडत होता. खाली आणायचा तो गेणू खाली आलाच नाही. उलट केवढंतरी ओझं उतरल्यासारखा ताठ उभा राहिला.

तेवढ्यात साहेब कागद आवरता आवरता म्हणाले, "तुमचंही उत्पन्न यांच्याइतकंच असेल, नाही का?"

आता खरं म्हणजे यात काही नव्हतं. व्हय म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण 'यांच्याइतकंच' हा शब्द बारकूच्या मस्तकात गेला. आत्ताच ठिगळं मोजली त्या गेणूइतकंच?

"न्हाई सायेब," तो छाती काढून म्हणाला. "माजं येगळं हाय. मी बंगल्यांना दूध घालतो. लाकूडफाटा पुरिवतो. कोळसा पाडतो. ह्याच्या दुप्पट, तिप्पट म्हना की."

कादरभाई खोकले. पुन्हा खोकले. बारकू थांबेना. "वरसाला हजाराच्या वर जातंय. कुनाला सांगत न्हाई येवढंच."

"मग आम्हाला सांगितलंत हे बरं केलंत," साहेब शांतपणे म्हणाले, आणि कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. बारकूनं अंगठा उठवला तो इतक्या जोरात, की शाई बाजूला उडाली.

महिनाभरानं टपालवाला पुन्हा वाडीवर चढला. बारकूचं घर विचारत आला, म्हणून बारकूनं त्याला गूळपाणी दिलं. मग ते टपाल डोक्यावर धरून, सगळ्या वाडीतून फिरून, तो पाटलाच्या ओसरीवर गेला. मेव्हण्यानं वाचलं. पाटलानं घोंगडीची कड उलगडली. बारकू बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो गेणूच्या वर बसला होता, कारण गेणू आता परत खाली, खांबाशी. बारकूनं त्या दिवशी झुंबरबाईला सांगितलं, "आता मला नुसतं बारकू म्हनायचं न्हाई." ती चुलीकडे तोंड करून बसली होती.

चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी कादरभाईंनी त्याला हापिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मूर्खा, यात किती आकडा लिहिलाय माहीत आहे? हा तू भरायचास. भरला नाहीस तर जप्ती. तुझी म्हैस जाईल, भांडीकुंडी जातील."

"पर... गेण्याचं तर रद्द झालं?"

"गेणूचं कंपनीनं चुकीचं कळवलं होतं. तुझं कुणी कळवलं? तू. स्वतःच्या तोंडानं, शपथेवर. आता तुझ्याकडे दूध नाही, लाकूड नाही, कोळसा नाही हे कोण सांगणार? तू सांगितलंस तर साहेब म्हणतील, तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस?"

बारकू घामाघूम झाला. त्यानं विचारलं, साक्षीला टोळीतली माणसं चालतील का? कादरभाईंनी मान हलवली. ती तुझ्याच ताटातली, म्हणाले, मागेच सांगितलंय साहेबांनी. दुसरा जाणता मुकादम कोण, हे दोघांनाही माहीत होतं. बारकूनं जीभ चावून धरली. म्हैस गेली तरी चालेल, पण त्या एका माणसाच्या दारात तो जाणार नव्हता.

त्याला जावं लागलंच नाही. कादरभाईंनी अर्ज धाडून मिळवलेल्या वडगावच्या तारखेला तो आणि कादरभाई स्टेशनवर पोचले, तर कादरभाईंचा निरोप मिळालेला गेणू फलाटावर आधीच उभा. धुतलेलं मुंडासं, हातात काठी. "चल," म्हणाला, "उशीर व्हईल."

गाडीत बारकू खिडकीतून बाहेर बघत राहिला. डोळ्यांसमोर कार्ल्याचा डोंगर आला आणि गेला. त्याला आत कुठंतरी ठणकत होतं. गेण्या बदला घेणार. आपण ठिगळ काढलं, आता हा काय काय काढतो बघू. काढू दे. निदान मग दोघं सारखे होतील, आणि याचा तो उपकार मानणं तरी बंद होईल. बदला घ्यावा अशी तो मनातल्या मनात जवळजवळ प्रार्थनाच करत होता.

गेणूनं शपथ घेतली आणि खाली बघत सावकाश बोलायला लागला. त्याला बोलायची सवय नव्हती.

"सायेब, बारकू मनाचा लय मोठा हाय. म्हनून त्या दिशी असं बोलला. त्याच्याकडं एकच म्हस हाय, ती बी आटली. लाकूडफाटा आनतो तो घरच्या चुलीपुरता. कोळसा त्यानं कदी पाडला न्हाई. टोळीच्या मानसांना चा पाजतो, विड्या देतो, त्यात त्याचं सगळं जातंय." तो थांबला. त्यानं बारकूकडे बघितलं, जणू विचारत होता की सांगू का. बारकूनं नजर वळवली. "सायेब, शपथ घेतलीया म्हनून सांगतो. सरावन-भादव्यात ह्याच्या घरात दाना नसतो. माजी बायकू मागल्या दारानं ह्याच्या बायकोला नाचणी पोचती करती. बरीच सालं झाली. ह्याला ठावं न्हाई. मी तिला सांगितलंय, बारक्याला कळू द्यायचं न्हाई, त्याला लागंल."

कचेरीत पंखा ओढणारा माणूस ओढायचा थांबला होता. साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग खोटं बोलल्याबद्दल बारकूला दोन कडक शब्द ऐकवले, आणि कर रद्द केला.

बारकू सुटला. म्हैस वाचली. पण कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्याला वाटलं, की जप्तीवाले आले असते तर बरं झालं असतं. गेणूनं बदला घेतलाच नव्हता. श्रीमंतावर माणसानं जळावं, त्यात काही नवल नाही. पण हा लेकाचा चांगला होता! इतकी वर्षं उकिरड्यापलीकडे बसून गुपचूप चांगला होत होता, आणि बारकू येडा त्याच्या कालवडीवर जळत बसला होता. खरं जळण्यासारखं होतं ते तर त्याला दिसलंच नव्हतं. लोणावळ्याहून वाडीचा चढ चढताना गेणू म्हणाला, "पाय दुखतोय का रं?" बारकू म्हणाला, "न्हाई." आणि खरोखरच दुखत नव्हता.

घरी आल्यावर त्यानं मुंडासं काढून खुंटीला लावलं आणि चुलीपाशी बसला. झुंबरबाई भाकरी थापत होती. बारकू बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिला.

"ही नाचणी कुनाची?"

थापणारा हात थांबला. तिला सगळं कळलं. तिनं पदर पुढे ओढला आणि खोटं बोलली नाही.

"त्यांचीच हाय. काय करू? पोरं उपाशी निजवू?"

भांडण होईल, भांडी फुटतील म्हणून ती अंग चोरून बसली होती. त्यानं ताट पुढे ओढलं, भाकरी मोडली, दुधाशिवाय, कालवणाशिवाय चावून चावून खाल्ली. दुसरी मागितली. ती पण खाल्ली. मग हात धुता धुता म्हणाला,

"सपली की परत आन. पर मागल्या दारानं आनू नगं. फुडल्या दारानं जा, समद्यांच्या देखत, दिसाउजेडी."

झुंबरबाईनं वर बघितलं.

"गुपचूप दिल्याचं दुप्पट पुन्य लागतंय," बारकू म्हणाला. "येवढं कशापायी लागू द्यायचं त्याला?"